'सर्व' या शब्दात

मुख्य मशीन हर्णैत, सोसायटीच्या माळ्यावर, सुकटीच्या वासात.
त्याची जुळी वही इथे, वर दापोलीत,
माळ्याला पाणी लागलं त्या वादळानंतर
चोगल्यांनी हट्टानं मांडलेली.
बोट, टोपल्या, बर्फ, कुणाची किती उचल:
तिथे लिहिलं की इथे उमटायचं.

मंगळवारपासून उमटत नाही.

"पासवर्ड बदललास मा सोमवारी? तोच असेल," चोगले फोनवर.
मलाही तेच वाटलं.
बदलला. पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा
साधासा ठेवला, चुकूच नये असा.
मग इथूनच, हातानं तो टाकून
मी हर्णैत शिरले. दार उघडलं, टोपल्या दिसल्या.
तेच नाव, तोच पत्ता, तोच पासवर्ड.
जुळी वही गेली तर: नोंद नाही.
दर पाच सेकंदांनी. न चिडता.

नोंद कशी नाही?
सोमवारीच यादी साफ केली होती मी,
चार ओळींची एक,
दापोलीच्या पत्त्यापुढे स्वच्छ लिहिलं होतं: सर्व.

रात्री अडीचला पुस्तिकेच्या तळाशी, बारीक अक्षरात:
'सर्व' या शब्दात प्रतिकृती येत नाही.
तिचं नाव वेगळं लिहावं.

आमच्या मोहल्ल्यात दावतीचं बोलावणं
दारावरूनच देतात, घरातल्या सगळ्यांनी या.
सगळे जातात. रुकय्या फुफी बसून राहते.
कुणीतरी आत जाऊन म्हणावं लागतं,
फुफी, तू.
मग ती चप्पल शोधायला लागते.

ओळ लिहिली.
हर्णैला यादी पुन्हा वाचायला लावली.
पाच सेकंद.

पासवर्ड अमान्य.

हसूच आलं. आता खरंच तोच होता:
तीनदा बदलताना
वहीच्या खिशातली चिठ्ठी मी जुनीच ठेवली होती.
तीही बदलली.

आणि मग आले,
मंगळवारचा बांगडा, बांगडा, बांगडा,
बुधवारी एक हलवा,
आमिनाबीची कोळंबी दोन टोपल्या, एक परत,
बर्फाची उधारी, पुन्हा बांगडा,
पंख्याखाली, कुणी बोली न लावता.

पहाटे लिलावाआधी फोन. मागे दोर ओढणाऱ्यांचा आवाज.
"झाला काय गो, हुस्ना? काय होता?"
"पासवर्ड, काका."
"मी म्हटला नव्हता?"

म्हटलं, हो.