उजव्या बाजूनं बोला

किल्ली जड आहे. खिशाला भोक पाडते,
गळ्यात घाला.
दार आधी आपल्याकडे ओढायचं, मग कमरेनं ढकलायचं.
माझी घिता हातात परात असतानाही
एका धक्क्यात उघडायची.

नकाशा आणला असाल तर असू द्या,
उकाड्यात वारा घ्यायला बरा पडतो.
फेसच्या गल्ल्या कागदावर बसत नाहीत.
एवढंच ध्यानात ठेवा : उतार नदीकडे नेतो, चढ वेशीकडे.
पोटऱ्या भरून आल्या की समजा,
बू जलूद जवळ आली.
ती वेस येणाऱ्याला निळी दिसते, जाणाऱ्याला हिरवी.
फुकटात दोन वेशी.

"बालाक!" ऐकलंत की भिंतीला चिकटा.
मागून खेचर येतंय, पाठीवर गॅसची सिलिंडरं,
आणि खेचराला माफी मागता येत नाही.

कातडी कमावण्याचे हौद गच्चीवरून बघतात.
पुदिन्याची काडी देतील, नाकाशी धरायला.
खाली म्फद्दल उभा असेल, मांडीपर्यंत पिवळ्या रंगात.
हात केलात तर तोही करेल.
तेवढा वेळ काडी खाली घ्या.
त्याला ती कुणी देत नाही.

दुपारी काही पाहू नका.
दुपार ही पाहायची गोष्टच नव्हे.
माझ्या गच्चीवर बसा, मांजराला उठवू नका, चहा घ्या.
मी उंचावरून ओततो, म्हणजे वर बुडबुडे धरतात.
मागे तुमच्याकडची एक पाहुणी आली होती,
तिच्या भाषेत म्हणे त्या बुडबुड्यांनाच फेस म्हणतात.
मी हसलो. मग रात्रभर
ते डोक्यातून जाईना.

तांब्याचं भांडं घ्यायचं तर सेफ्फारीन चौकात,
आणि वाजवून घ्या. चांगली परात
टिचकी मारली की लगेच गप्प होत नाही.
एक्केचाळीस वर्षं मी तिथं काठ ठोकले.
शेजारी, डावीकडे, हम्मादी बसायचा.
माझा डावा कान त्याच्याकडेच राहिला.
त्याच्या मुलाशी घासाघीस करू नका,
तो भाव आधीच निम्मा सांगतो, बापासारखाच भोळा.

आता एक गोष्ट, जी आधीच्या पाहुण्यांना सांगितली नव्हती.
मागच्या मंगळवारी मी हरवलो.
या दारापासून दोनशे पावलांवर,
लाकडी टेकू दिलेल्या दोन भिंतींच्या मध्ये.
कारंजं ओळखीचं होतं, त्याची फुटलेली निळी फरशीसुद्धा,
पण ते कुठल्या गल्लीतलं, तेवढंच आठवेना.
हातोडे ऐकू येत होते.
पण एका कानाच्या माणसाला आवाज पोचतो,
दिशा पोचत नाही.
जागच्या जागी गोल फिरलो.
तेवढ्यात एका परदेशी जोडप्यानं मलाच वाट विचारली.
मी ठामपणे सांगितली.
कुठं पोचले असतील, देव जाणे.

मग एक पोर गेली, डोक्यावर फळी,
फळीवर फडक्याखाली पाच कच्च्या भाकऱ्या.
मी तिच्या मागे मागे.
भट्टीवाला अल्लाल कुणाचं नाव विचारत नाही,
भाकरीवर बोटाची, काडीची खूण असते,
त्यावरून घर ओळखतो.
मला त्यानं तसंच पाहिलं,
पुढून, मग जरा कडेनं.
"हा घिताच्या घरचा," म्हणाला.
"याला दोन वळणं वर सोडून ये."
पोरीनं माझी बाही धरली,
आणि वाटेत तिच्या शाळेतली भांडणं सांगितली,
चुकीच्या कानात.

तेव्हा सगळं पाहा, सावकाश पाहा.
संध्याकाळी टेकडीवरच्या जुन्या थडग्यांपाशी जा,
खाली दिवे लागतात तेव्हा.
भाजलेले चणे न्या. शाल न्या, वारा झोंबतो.

आणि परतताना मी कुठं पायरीवर दिसलो
मान इकडे तिकडे फिरवत,
तर मला वाट विचारू नका.
उजव्या बाजूला या,
काहीतरी भाकरीबिकरीचं बोला,
आणि एक पाऊल पुढं राहून चाला.
किल्ली तुमच्याच गळ्यात आहे.