सहावा ठिपका

एल्गोइबारमध्ये सकाळचे सात वाजलेत.
शेडच्या मागून देबा नदी तेलकट हिरवी वाहतेय.
कॉफी घेऊन मी पंपाच्या झाकणाची फाईल उघडते.

स्केच चौदा. एउस्ताकियोनं काढलेलं,
निवृत्त व्हायच्या आठ वर्षं आधी.
तुटक रेषेचं एक वर्तुळ
आणि त्यावर आठ ठिपके. बस्स.

एवढ्यावर सगळा संसार:
झाकणातली भोकं, गॅस्केटमधली भोकं,
बॉडीतले आटे,
बोल्टची डोकी बुडावीत म्हणून पाडलेले खळगे.
दुसऱ्यांदा कुणी काही मोजलेलंच नाही.
झाडात खाली दडलेलं स्केच उलगडायचं,
पुन्हा समोर आणायचं,
आणि म्हणायचं, इथंच.

नवा पोरगा उनाई
दर भोकासाठी नवं स्केच काढतो.
मागच्या शुक्रवारी गिऱ्हाईकानं व्यास बदलला,
त्याचा शनिवार त्यात गेला.
रविवारीही दिसला म्हणे.

माझा माउस सहाव्या ठिपक्याशी अडखळला.
बाकी सगळे पंचेचाळीस अंशांच्या अंतरानं,
हा दोन अंश पुढं सरकलेला.
म्हातारा चुकला, म्हटलं.
माप खोडलं. पंचेचाळीस टाकले.

काहीच लाल झालं नाही.
झाकण हललं, गॅस्केट हललं, बॉडी हलली,
बारा पार्ट निमूटपणे
एका पावलानं सरकले.
कुणी हूं की चूं केलं नाही,
त्याचीच भीती वाटली.

सेव्ह न करता मी जिना उतरले.
जुळणीच्या बाकावर गार्बिन्ये हातमोजे घालत होती.
तिच्याकडून एक झाकण मागितलं,
बॉडीवर ठेवलं, फिरवलं.
सात बोल्ट जात होते, आठवा हटून बसत होता.
पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.
मग एका जागी आठही
लोण्यात सुरी जावी तसे गेले,
आणि झाकणातली तेलाची वाट
बॉडीतल्या वाटेसमोर आली.

"उलटं बसवून बघतेस होय?" गार्बिन्ये म्हणाली.
"एकदा बसलं होतं. ह्याच्या आधीच्या झाकणात."
पुढं ती बोलली नाही.
डाव्या हातमोज्याचं एक बोट
रिकामंच दुमडलेलं होतं.

वर येऊन मी सत्तेचाळीस परत टाकले.

दुपारी उनाईला बोलावलं.
झाड कसं उलगडायचं, स्केच कसं पुन्हा वापरायचं,
सगळं दाखवलं. त्यानं मान डोलावली,
मग स्क्रीनवर बोट ठेवलं:
"हा एक वाकडा आहे. नीट करू?"

म्हटलं, आधी खाली जा.
एक झाकण माग.