दुसरी पट्टी

उदगीर, रात्रीचे दोन. इन्व्हर्टर कण्हतोय.
नवा कॉम्प्युटर, अजून पेढेही वाटले नाहीत,
आणि तीनदा निळा पडला.

खोडरबराने रॅमचे सोनेरी दात घासले.
स्लॉट बदलला.
मग एकेक पट्टी एकटीच बसवून उलटतपासणी:
यंत्र स्वतःच लिहितं, स्वतःलाच विचारतं,
काय लिहिलं होतंस?

पहिली बरोबर सांगत गेली, चार फेऱ्या.
दुसरीने सातव्या मिनिटाला शून्याचा एक केला.
लाल ओळ. परत लाल. पत्त्यासकट.
लबाडी नव्हती;
तिला तसंच आठवत होतं.

शिवकांता उठून आली. "आजूक काय करूलालाव?"
तिच्या कपाळाची टिकली मागून घेतली,
आजारी पट्टीला लावली,
अदलाबदल नको म्हणून.

सकाळी नांदेडला फोन.
तय्यबभाई म्हणाला, बदलून देतो की,
बिल तेवढं घेऊन या.

बिल.
टेबल, कपाट, पँटचे खिसे.
खोक्यात होतं बहुतेक. आणि खोकं?
मी शपथेवर सांगतो: माळ्यावर.
शिवकांता शपथेवर सांगते: परवाच भंगारात.

दोघं एकमेकांकडे बघत उभे.
लाल ओळ कुठेच उमटत नाही.