रास्पबेरी, चौदा ऑगस्ट

तळघरात उतरले.
फळीवर सत्तेचाळीस बरण्या,
प्रत्येकीवर पांढरी पट्टी
आणि उक्कींचं ते ताठ, काळ्या शाईचं अक्षर:

रास्पबेरी. १४ ऑगस्ट, दुपारी ४.२०.
उत्तरेच्या कुंपणामागे.
हजर: सायमी, वय ९.
टोपलीतल्यापेक्षा पोटात जास्त. कबुली नाही.

रेइनो कुओपाला,
एकतीस वर्षं शेरिफच्या कचेरीत तपासनीस.
मुरंबासुद्धा
पुराव्यासारखा सीलबंद करणारा माणूस.

हॉटेलात बसायचे ते दाराकडे तोंड करून.
सॉनात मात्र दाराकडे पाठ,
वाफेत चष्मा नाही, वही नाही,
फक्त खांद्यावरचा जुना व्रण
आणि खालून सरोवराचा आवाज.
तिथे मी एकदा विचारलं,
खोटं बोलणारा कसा ओळखायचा?
त्यांनी दगडांवर पळीभर पाणी ओतलं.
चर्रर्र.
ते विरेपर्यंत थांबले. मग पुढेही थांबले.
मीच शेवटी म्हणाले,
सायकल मी ढकलली, ती पडली नव्हती.
"असा," म्हणाले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
आमच्याकडे सहा महिने बर्फ,
अमावास्येलासुद्धा अंगण उजळ.
ते मला पावलं वाचायला शिकवायचे:
हा ससा, घाईत.
हा टपालवाला, डावा गुडघा दुखतोय त्याचा.
ही तुझी मुम्मो,
शेजारणीकडे जाताना पावलं लांब,
येताना जवळजवळ.
म्हणजे काहीतरी ऐकून आली.

एकाच ठशाबद्दल ते कधी बोलले नाहीत.

दफनाच्या दिवशी चर्चच्या तळमजल्यावर
कॉफीच्या रांगेत एक म्हातारी माझ्यामागे उभी.
मिसेस ट्रेझोना, खाणीपलीकडच्या वस्तीतल्या.
हातात रुमालात गुंडाळलेली पेस्टी, अजून गरम.
माझा वेंडेल, त्या म्हणाल्या, बारा वर्षांचा.
फेब्रुवारीत तळ्याकडे गेला.
अर्ध्या मैलापर्यंत बुटांचे ठसे होते,
मग वारा.
तुझे आजोबा त्या अर्ध्या मैलावर
चार दिवस गुडघ्यांवर होते.

मग त्या काय म्हणाल्या ते
मला दोनदा विचारावं लागलं.
दर वर्षी, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी,
हा माणूस यायचा,
दार न वाजवता पायऱ्यांवरचा बर्फ काढायचा
आणि जायचा.
चौतीस वर्षं.
"मी पडद्याआड उभी असायचे.
त्याला ते ठाऊक होतं.
काही सापडलं असतं
तर त्यानं दार वाजवलं असतं,
म्हणून मी वाट बघायचे
आणि घाबरायचेसुद्धा."

घरी आल्यावर मुम्मोला सांगितलं.
ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली.
"फेब्रुवारीतल्या त्या मासेमारीतून
कधी एक मासा घरी आला नाही," ती म्हणाली.
"आणि फावडं ओलं.
कुठंतरी पाणी मुरत होतं.
मी विचारलं नाही."
इतक्या वर्षांत घरात
दोन तपासनीस होते,
आणि एकीची नोंदच नव्हती.

आता या बरण्या कुठे ठेवू?
भाऊ म्हणतो, टाक. गावच्या संग्रहालयालाही नको आहेत.
चौदा ऑगस्टची उघडून बघितली.
वरती साखरेचा खडा, खाली काळंभोर,
वास गंजलेल्या खिळ्यासारखा.
खाण्यात अर्थ नव्हता.
तरी बोटानं थोडं चाखलं.

खिशात पेन होतं.
पट्टीवर त्यांच्या अक्षराखाली
एका ओळीपुरती जागा होती,
बहुधा मुद्दाम सोडलेली;
ते कागद वाया घालवत नसत.
मी लिहिलं: कबुली दिली. सायमी, वय एकेचाळीस.
आणि वेळ टाकायला घड्याळ बघितलं,
तर ते बंद पडलेलं.

वर मुम्मो हाक मारत होती,
पायऱ्यांवर बर्फ साचलाय म्हणून.