ती मगर, तो मगर

मराठीत मगर ती.
पूल ओलांडून रावपुऱ्यात चहा घेतला
की गुजरातीत तो.
म्हणजे विश्वामित्रीतल्या झाडून साऱ्या मगरी
आमच्या घरात बाया,
शेजारी अंबालालभाईंकडे बाप्ये.
पिल्लं तरी दरसाल होतात.
घार नर असली तरी ती,
घुबड मादी असलं तरी ते;
व्याकरणानं लग्नं लावायची म्हटली
तर नदी रिकामी होईल.

सत्तावीस वर्षं मी कामाटीबागेत
पक्ष्यांचं रजिस्टर लिहिलं. छापील रकाने:
नंबर, जात, नर, मादी, जोडी, अंडी, मयत, शेरा.

सतरा आणि बावीस. कलहंस.
पायांत पितळी कडी.
जोडी म्हणून मीच लिहिले होते,
कारण माना जमिनीसरशी लांबवून
दोघं एकदमच ओरडायचे,
आणि तिसरा कुणी जवळ आला की
सतरा पुढे, बावीस त्याच्या मागोमाग.
दोन हिवाळे लिहिलं, अंडी: नाहीत.
दोन हिवाळे डॉक्टर पोतनीस दाणा बदलत राहिले.
मग एका सकाळी त्यांना उलटे धरून पाहिलं.
नर. दोन्ही.

सोमाभाई पिंजरा झाडत होता. म्हणाला,
‘मने तो खबर हती. तमे पूछ्युं क्यां?’

वरून कागद आला: सतरा वेगळा काढावा,
मादी आणून सोबत ठेवावी.
मादी आली. तिचा काय दोष,
दोघांचा दाणा एकटीनं खाऊन चांगली गुबगुबीत झाली.
सतरा तिच्याकडे पाठ करून
रात्रभर ओरडायचा,
आणि बँडस्टँडच्या पलीकडून बावीस, थोडा उशिरानं,
जणू आधी नीट ऐकून घेऊन.

नवव्या रात्री दार उघडं राहिलं.
सोमाभाईनं सांगितलं, कडी गंजलेली.
मी तसंच लिहिलं.
कडी दिवाळीतच नवी बसवली होती,
तिचं बिल माझ्याच फायलीत होतं.

जोडीच्या रकान्यात पुन्हा खूण केली.
शेरा कोरा.

संध्याकाळी घरी आलो तर हसित गवार मोडत बसलेला.
‘जनगणनेवाला येऊन गेला. नातं विचारत होता.’
काय सांगितलंस?
‘भाडेकरू.’
भाडं किती दिलंस रे आजवर?
तो काही बोलला नाही. गवारीच्या शिरा काढत राहिला.

मध्ये तीन वर्षं त्याला घरच्यांनी
भरूचला मामाच्या दुकानावर बसवलं होतं.
रात्री अकरानंतर एसटीडी स्वस्त व्हायची,
तेव्हा फोन वाजायचा. बोलायचा काय,
तर तेलाचे भाव, मामीचे गुडघे.
मग एक दिवस पिशवी घेऊन दारात उभा.
कुणाची कडी कशी निघाली
मी विचारलं नाही.

जेवण झाल्यावर त्यानं ताटाशेजारी
एक रुपया ठेवला.
‘एकोणीस वर्षांचं. पावती दे.’
मी खरंच दिली, ऑफिसच्या जुन्या चिठ्ठीवर,
तारीख टाकून, सही करून.
मागच्या बाजूला लिहिलं: सतरा, बावीस.

चष्मा शोधून त्यानं वाचलं.
‘यातला मी कुठला?’

म्हटलं, झोप आता.
रात्रभर ओरडतो, तो.