दहा मिलिमीटर

तुर्भ्याच्या गोदामात विद्याधर किंमत बघत होता,
मी फळीची मागची बाजू.
वडील म्हणायचे, लाकडाचं तोंड कुणीही बघतं.

ओक परदेशी. अक्रोड फार काळोखा.
बांबू तर लाकूडच नव्हे, गवत,
हे दुकानदारानेच सांगितलं
आणि तरी त्याचीच शिफारस केली.
मी सागाच्या पट्टीवर नख ओढलं.
"मॅडम, ओरखडा पडेल."
म्हटलं, तोच बघतेय.

मग रचना. विटांसारखी, चटईसारखी,
आणि ही, हेरिंगबोन.
म्हणजे काय, विद्याधरने विचारलं.
माशाचा काटा, मी म्हणाले.
सत्तावीस वर्षं मी सुकट भाजते
ती हा दौऱ्यावर असताना, खिडक्या उघड्या टाकून.
तो चित्राकडे बघत राहिला.
"दिसायला बरा आहे," म्हणाला,
आणि चष्मा पुसला.

सीवूड्सला, चौदाव्या मजल्यावर, बेचाळीस खोकी चढली.
नौशादने ती फोडली, पट्ट्या हॉलभर रचल्या
आडव्या-उभ्या, मधून वारा फिरेल अशा,
आणि हात झटकून निघाला.
पाच दिवस हात लावायचा नाही.
लाकडाला आधी या घरची हवा लागू दे.

पाच दिवस आम्ही भिंतीला पाठ घासत चाललो,
चहा स्वयंपाकघरात उभ्याने.
खिडकीतून खाडी आत येत होती,
ओहोटीचा चिखलवास, ओलसर, ओळखीचा.
रात्री एखादी पट्टी कट्‌ वाजायची
आणि मी जागी.

दिवाळे गावात, बंदरावर, वडील होड्या बांधायचे.
दोन फळ्यांच्या मध्ये राळेत भिजवलेला कापूस
छिन्नीने ठासून, ठासून.
तरीही नवी होडी गळतेच.
गळू द्यायची दोन दिवस.
लाकूड पाणी पितं, अंग धरतं, फळीला फळी भिडते,
मग भरती तिला उचलते.
फट राहिली तर माणूस जातो,
हे मी पाढ्यांच्या आधी शिकले.

सहाव्या दिवशी नौशाद गुडघ्यांना पट्टे बांधून बसला.
निळीतलं सूत ताणलं, टिचकी मारली,
खोलीच्या मधोमध एक निळी रेघ,
आणि तिथूनच सुरुवात.
पट्टीच्या बगलेत पट्टी, पाठीचा कणा, मग बरगड्या.
रबरी हातोड्याचा बोथट आवाज दिवसभर.
भिंत वीतभर उरली तेव्हा त्याने पाचरी मारल्या,
चारी बाजूंनी, सारख्या अंतरावर.

मी म्हणाले, इथे राहिलंय.
"राहिलं नाही, ठेवलंय," तो म्हणाला.
"पावसाळ्यात हे फुगणार. दहा मिलिमीटर सोडले नाहीत
तर मधून उठेल, तंबूसारखं."
वडिलांशी याचं जमलं नसतं.
किंवा जमलं असतं, दोघे विडी ओढत
फटीवर तासभर भांडले असते.

गिरजा बादली घेऊन दारात थबकली.
"ताई, आता पुसू कशाने?"
फडकं पिळून. अजून पिळून.
"म्हणजे कोरडंच."
तिने पायाचा अंगठा लाकडावर टेकवून बघितला.
"मग स्वच्छ झालं ते कळायचं कसं?"
मला काही सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

स्कर्टिंग ठोकायच्या आधी मी कोपऱ्यात बसले,
करंगळी फटीत घातली.
खाली जुनी पांढरी लादी लागली, गार,
गिरजाने अकरा वर्षं पुसलेली.
"काही पडलंय का?" विद्याधरने विचारलं.
नाही, म्हटलं. मोजतेय.

ऑगस्टात एका रात्री, भरती असावी,
हॉलमधून कुरकुर ऐकू आली,
लांबलचक, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
मी श्वास धरून पडून राहिले.
विद्याधर कूस बदलून झोपेतच बोलला,
"तुझा मासा हलला वाटतं."