अर्धा पडदा

उलव्याच्या हँगरमध्ये, सत्तर फुटांवर,
छताच्या पोटाशी मी पत्रे लावतोय.
खालून कुरियन ओरडतो,
घरत, फट ठेवू नको!

जमिनीपर्यंत येतच नाही हा पडदा.
विमानाचं शेपूट खालून आरामात जातं.
पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं,
हा आग कशी अडवणार?

आग नाही रे, कुरियन म्हणाला, ताप.
धूर वर जातो, छत धरून पसरत सुटतो,
मग लांबचेच फवारे फुटतात,
टाकी रिकामी होते
आणि जळणारं जळत राहतं.
पडदा म्हणतो, थांब, इथेच साठ.
मग नेमका डोक्यावरचा फवारा उघडतो.

मी बोल्ट पिळत राहिलो.

जमिनीचे पैसे आले त्या वर्षी
आमच्या ओटीवर पेटलं, दोघा काकांत.
तासाभरात धूर चुलीपाशी, माळ्यावर,
मागच्या आळीत.
काकी भिजल्या, पोरं भिजली,
आत्या तर पनवेलहून येऊन रडून गेली.
जळत होतं तिथे
थेंब पडला नाही.

काल चाचणी झाली.
सोडलेला धूर चढला, पत्र्याला टेकला,
घुटमळला, तिथेच दाटला.
शेजारचा कप्पा कोरा. दिवेसुद्धा स्वच्छ दिसत होते.
सगळे जेवायला गेले.
मी मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो.

धाकट्या काकांचा नंबर
अजून आहे माझ्याकडे.